चंदरभाऊंची हजेरी

९ जानेवारी, गुरुवार

आज अकराच्या सुमारास खिडकीत एक बाई येऊन उभी राहिली. उंबरमाळीच्या वरच्या पाड्यातली, नाव बाईजा. हातात फडक्यात बांधलेल्या वालाच्या शेंगा. मी म्हटलं, "ते आधी मागं घे." ती म्हणाली, "झाडाच्या हायत भाऊसाहेब, दुकानाच्या नायत." आता याला काय उत्तर द्यायचं!

काम असं. तिची लेक रंजिता दीड वर्षापूर्वी दुसऱ्या समाजातल्या पोराबरोबर निघून गेली आणि लग्न केलं. घरातून कोणी तोंड बघत नाही. थोरला भाऊ सुनिल तर नाव काढलं की ताट फेकतो म्हणे. लेकीला मुलगा झाल्याचं बाईजाच्या कानावर आलंय. "पत्ता नको मला," ती म्हणाली. "पोराचं जावळ काढायचं तर मयना धरायला लागतो. आमच्यात मामाच्या मांडीवर बसवून काढतात. जल्माची तारीख तेवढी सांगा. मी घरात मनातल्या मनात धरीन."

नियम असा की कुटुंबाची नोंद फक्त त्या कुटुंबालाच दाखवायची. नियमाची पाटी मीच लिहिलीय, माझ्याच डोक्यामागं लटकतेय. पण ती पत्ता मागत नव्हती. मागितला असता तर बाहेर काढली असती, हे मी छातीवर हात ठेवून लिहितो.

रंजिताची नोंद मुरबाडकडची. माझ्या लॉगिनला शहापूरच दिसतं. आमच्या कुटुंब नोंद कक्षात दोन्ही तालुके दिसणारं लॉगिन एकच, आमच्याबरोबर काम करणाऱ्या चंदरभाऊचं. तो वारून दोन वर्षं झाली. नव्या लॉगिनसाठी वर सहा पत्रं पाठवली, उत्तर नाही. मग काय, चालतंय चंदरभाऊचं. त्याचा फोटो कॉम्प्युटरच्या वर लावलाय. बसायच्या आधी हात जोडायचे आणि म्हणायचं, "चंदरभाऊ, बसतो हां." ही पद्धत मीच पाडली. शिपाई कान्हा रोज फूल घालतो.

भाविकनं नोंद उघडली. तो आमचा कंत्राटी ऑपरेटर, पोरगा गुणी आहे. मला हल्ली पडद्यावरचं दिसत नाही, चष्म्याचा नंबर वाढलाय, म्हणून प्रिंट काढायला लावली आणि खिडकीशी उजेडात वाचली. मुलगा. नाव आरुष. जन्म १४ मे. बाईजानं बोटांवर महिने मोजले. नववा फेब्रुवारीत पुरा होतो. तिला वाचता येत नाही आणि तारखा डोक्यात राहत नाहीत, म्हणून तिथल्या तिथं पाठकोऱ्या कागदावर ठळक अक्षरात लिहून दिलं. अक्षर म्हणाल तर या दोन तालुक्यांत माझ्यासारखं कोणाचं नाही. तिनं कागदाची चार वेळा घडी घातली, पोलक्यात ठेवला आणि तिथंच रडायला लागली.

शेंगा ठेवून गेलीच. घरी सरितानं बिरडं केलं. म्हणाली, "आज भारी खुशीत दिसताय." होतोच.

१३ जानेवारी, सोमवार

अर्धं ऑफिस म्हशाच्या जत्रेला. जे आले ते गेलेल्यांना शिव्या घालत बसले.

गुरुवारची ती प्रिंट फाडून टाकायची राहिली होती. टेबलावर नाही, ड्रॉवरमध्ये नाही. लोकांची माहिती अशी पडून राहणं बरं नव्हे. कान्हाला झापलं. तो म्हणाला, "देवाशपथ भाऊसाहेब, मी तुमच्या टेबलाला हातच नाय लावत, तुमी वसकन अंगावर येता." रद्दीत गेली असणार. जाऊ दे.

२१ जानेवारी, मंगळवार

आमच्या कक्षप्रमुख मॅडमनी केबिनमध्ये बोलावून एक अर्ज पुढं सरकवला. नाव वाचलं. रंजिता.

शनिवारी सकाळी तिचे दोन भाऊ घरात घुसले. नवरा जीवन आडवा पडला म्हणून ती आणि पोर वाचलं. त्याचा हात दोन ठिकाणी मोडलाय. ती लिहिते, आम्ही कुठं राहतो हे माझ्या माहेरी कोणालाही ठाऊक नव्हतं, माझा पत्ता तुमच्या कक्षातून फुटला, तुम्हीच सांगा कोणी फोडला.

मॅडम म्हणाल्या, "चौकशी तुम्ही करा, कमळाकर. तुमच्याइतका स्वच्छ माणूस इथे दुसरा नाही." एकतीस वर्षांत कोणी असं तोंडावर बोललं नव्हतं. बाहेर आलो तेव्हा कान्हाला वाटलं मला बढती मिळाली.

मनातलं इथं लिहितो. ती शेंगावाली म्हातारी आठवली. पण मी तारीख सांगितली, पत्ता नाही. पोराच्या जन्मतारखेवरून घर सापडत नाही. तेव्हा माझा याच्याशी संबंध नाही. अहवालात ते घालायची गरज नाही, उगाच फाटे फुटतात.

२२ जानेवारी, बुधवार

कोणी कधी कुठली नोंद उघडली याची यादी वरून आली. एकशे दहा पानं, सगळीवर एकच नाव. चंदर. चंदर. चंदर. दोन वर्षांत एक रजा नाही, एक उशीर नाही. जिवंत होता तेव्हा बिचारा महिन्यातून चारदा दांडी मारायचा. कान्हा खांद्यावरून बघत होता. म्हणाला, "मी सांगत नव्हतो? भाऊ येतात." त्याला हाकललं, पण माझ्या मानेवर काटा आला तो काही लवकर गेला नाही.

सगळ्यात पहिलं पान बघायला नको होतं. ज्या दिवशी त्याला पोचवला त्या दिवशीही दुपारी चारला त्याच्या नावावर दोन नोंदी आहेत. मग आठवलं, त्या मीच केल्या होत्या. मसणातून आलो, नळाखाली पाय धुतले आणि बसलो. एका विधवेचं रेशन अडलं होतं. तेव्हा पहिल्यांदा फोटोला म्हटलं होतं, "चंदर, बसतो रे." फोटो तेव्हा भिंतीवर नव्हता, टेबलावर होता. हार ओला होता.

रंजिताची नोंद या महिन्यात तीनदा उघडली गेली. २ तारखेला, बाळाचं नाव घातलं तेव्हा. ९ तारखेला ११.४२, ती माझी, तिच्यात काय झालं ते मला माहीत आहे. आणि १६ तारखेला संध्याकाळी ५.२०. हल्ला १८ ला. सोळाला पाचनंतर ऑफिसात फक्त भाविक होता.

भाविकचं गावही उंबरमाळीकडचं.

२४ जानेवारी, शुक्रवार

मुरबाडच्या एसटी स्टँडवर रंजिताला भेटलो. घर सोडलंय, आता कुठं राहतात ते सांगायला तयार नाही. चोवीस वर्षांची पोर, पण पाठ भिंतीला लावून उभी आणि डोळे सारखे येणाऱ्या गाड्यांवर. जीवन थोडा लांब बसला होता, हात गळ्यात. बाळ त्याच्या दुसऱ्या हातावर झोपलेलं. जावळ दाट आहे, कानावर आलंय.

मी विचारलं, "कशावरून म्हणतेस आमच्याकडून फुटलं? गावात कोणी बोललं असेल."

ती म्हणाली, "भाऊ, आमचा घर नंबर १७१. तुमच्या लोकांनी नोंदीत चुकून ११७ घातलेला. माझे भाव आधी ११७ मदी घुसले. ते म्हातारीचं घर. तिथं आरडाओरडा झाला म्हणून यांना उठायला टाइम भेटला. ११७ ही चूक जगात एकाच ठिकाणी लिवलेली हाय. तुमच्याकडं."

वकिलासारखं बोलली.

मग म्हणाली, "आणि सुनिलदादा दारातून काय वरडला माहितेय? 'चौदा मेला जल्मला ना तुझा पोरगा? नऊ मयने पुरे होऊ द्यायचा नाय.' तारीखपण होती त्याच्याकडं."

हे ऐकल्यावर मी स्टँडवरच्या बाकावर बसलो. बाईजानं घरात तारीख बोलून दाखवली असणार. बाईच्या पोटात काही राहतं का! पण तारीख वेगळी आणि पत्ता वेगळा. पत्ता फोडणारा दुसरा आहे आणि त्याला मी सोडणार नाही. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "त्याला शिक्षा करून काय होतंय. मला एवढंच कळू दे, पुढं कोणावर इस्वास ठेवायचा नाय."

परतीच्या गाडीत ते जावळ डोळ्यांपुढून हलेना.

२७ जानेवारी, सोमवार

भाविकला समोर बसवलं. "सोळा तारखेला पाच वीसला रंजिताची नोंद का उघडलीस?"

"काका, तिचा घर नंबर चुकला होता. त्या दिवशी मुरबाडहून दुरुस्तीचा अर्ज आला. ११७ चा १७१ केला. अर्ज फायलीला हाय."

अर्ज खरंच आहे, मी बघितला. पण अर्ज असला म्हणून काय झालं? नंबर दुरुस्त करायला उघडली आणि पत्ता खिशात घातला, असंही होऊ शकतं. मी विचारलं, "सुनिल तुझ्या ओळखीचा?"

"क्रिकेटच्या टीमला होता. दोन वर्सांत बोललो नाय."

"आणखी काही सांगायचंय?"

त्यानं सरळ माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "नाय काका. तुमाला सगळं ठाऊक हाय."

उद्धटपणा! मी तर असाच अर्थ घेतला. त्याच्या मागं चंदरचा फोटो होता आणि तोही बघत होता. मी खुर्ची फिरवून बसलो.

२९ जानेवारी, बुधवार

अहवाल दिला. चार पानं, सुवाच्य. भाविकचं कंत्राट आजच संपवलं. पोलिसांतही नाव जाईल. त्यानं डबा पिशवीत टाकला, फोटोला हात जोडले आणि नेहमीच्या सवयीनं माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागं घेतले.

कान्हानं आज फूल घातलं नाही. विचारलं तर म्हणाला, "इसरलो." तो विसरत नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

आजचं काहीही न गाळता लिहितो.

मॅडमना भाविक आणि सुनिलचे संबंध असल्याचा एक जबाब हवा होता, म्हणून बाईजाच्या घरी गेलो. उंबरमाळीला उतरून तासभर चढ. दोन्ही पोरं पळालीत, घरात म्हातारी एकटी. मला बघून धावत बाहेर आली, पाय धुवायला पाणी दिलं, घोंगडी अंथरली. मला वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, "तुमी देवमाणूस. तुमच्यामुळं लेकीचं घर गावलं."

मी म्हटलं, "माझ्यामुळं कसं?"

ती आत गेली. देवाच्या फळीवरून डबा आणला, त्यातून चार घड्यांचा कागद काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. "मला वाचता येत नाय, म्हणून सुनिलला दावला. म्हनलं, मामा हायस तू, किती तारीख हाय बघ. त्यानं उलटपालट करून वाचला. म्हनला, आये, मी जातो, समजूत घालतो. मला वाटलं दगडाला पाझर फुटला."

एका बाजूला माझं अक्षर. 'जन्म १४ मे. नववा महिना १४ फेब्रुवारीला पूर्ण.' सुंदर, टपोरं.

मी कागद उलटा केला. छापील नोंद. रंजिता, जीवन, आरुष. गाव. घर क्रमांक ११७.

मी खिडकीशी उभं राहून वाचलेली तीच प्रिंट. हातातलीच पाठकोरी. एकतीस वर्षं आम्ही असंच करतो, कागद वाया घालवायचा नाही, मागची बाजू कोरी असली की तिच्यावर लिहायचं.

आणि भाविकनं तर सोमवारी तोंडावर सांगितलं होतं. सोळाला नंबर दुरुस्त झाला. त्यानंतर कोणी पत्ता चोरला असता तर तो १७१ चोरला असता. ११७ फक्त त्याच्या आधीचा. मी ते ऐकलं, माझ्या हातानं लिहून घेतलं आणि तरी त्या पोराला घरी बसवलं.

बाईजा विचारत होती, "जावयाला लई लागलं का हो? पोरगा नुसता बोलायला गेला होता." तिनं दिलेला चहा प्यालो आणि उठलो. कागद मागून घेतला. तिनं दिला, पण विचारलं, "तारीख?" मग माझ्या खिशातल्या वहीचं पान फाडून तारीख पुन्हा लिहून दिली. आधी दोन्ही बाजू तीनदा बघितल्या.

३ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. "तुमची दोन वर्षं राहिलीत. पेन्शन आहे. तो मुलगा तरुण आहे, त्याला दुसरीकडे लागेल. अहवाल गेलाय आता." वाईट बाई नाही ती. माझ्याच भल्याचं बोलत होती, आणि लिहायला लाज वाटते पण मी "बघतो" म्हणालो.

सरिताला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली नाही. एवढंच म्हणाली, "त्याच्या आईच्या जागी मी असते तर?"

६ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस ऑफिसात फोटोखाली बसलो. बसताना ते वाक्य तोंडातून निघेना. काय म्हणू, चंदरभाऊ, बसतो? याच्या नावावर बसूनच तर केलं सगळं. कधी पकडला गेलो असतो तर ते नावही त्याचंच पुढं आलं असतं. मेलेला माणूस नाही म्हणत नाही, म्हणून आम्हाला तो इतका आवडत होता.

दुसरा अहवाल लिहिला, सव्वा पान. कागद जोडला, दोन्ही बाजू. मॅडमकडे दिला असता तर ड्रॉवरमध्ये गेला असता, म्हणून आधी आवक टेबलाला जाऊन शिक्का मारून घेतला आणि क्रमांक पाडला. एकदा आवक क्रमांक पडला की कागद मागं घेता येत नाही. हे मला कोणी शिकवायला नको.

तिथून आसनगावला भाविकच्या खोलीवर गेलो. विचारलं, "गाढवा, का नाही बोललास? प्रिंट तूच काढून दिली होतीस."

"मला वाटलं तुमाला आठवल," तो म्हणाला. "रोज वाटायचं, आज आठवल."

परत ये म्हटलं. नाही म्हणाला. "त्या खुर्चीवर आता नाय बसवत, काका." मी दारातच उभा होतो. त्यानं आत ये म्हटलं नाही. मीही गेलो नसतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

रंजिताला फोन केला. ठरवून, उभ्यानं. सगळं सांगितलं. पत्ता माझ्या हातून गेला, भाविकचा दोष नाही, माझ्यावर कारवाई चालू झाली.

फोनमध्ये मागं बाळ काहीतरी बडबडत होतं.

मग तिनं विचारलं, "म्हंजे कागद आयेनं नेला?"

मी घाईघाईनं म्हटलं, "अगं, तिला फक्त जावळाचा महिना हवा होता. तिला वाचताच येत नाही. तिचा काही दोष..."

"आयेला मी चोरून फोन करायची," ती म्हणाली. "मयन्यातनं एकदा, शेजारणीच्या फोनवर. पत्ता तिलापण नव्हता सांगितला. पोर झाल्याचं मीच सांगितलं, तारीखपण सांगितली, तिच्या डोक्यात ऱ्हात नाय. वाटायचं, एक माणूस तरी हाय आपलं."

"ती आहेच की गं."

"आता कसं समजू, भाऊ?"

फोन बंद झाला. परत लावला तर बंद. तीन वेळा लावला, बंद. मी तिची आईपण घेतली. हे कुठल्या अहवालात लिहायचं?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज नववा महिना पुरा. बाईजा आली होती. बाहेरच्या बाकावर बसली, मांडीवर कुंची आणि नवी कात्री. खिडकीशी आली नाही. मीही उठलो नाही. दुपारच्या गाडीला निघून गेली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दोन वर्षांत सहा पत्रांनी झालं नाही ते या भानगडीनं पंधरा दिवसांत झालं. चंदरभाऊचं लॉगिन बंद केलं आणि नवं आलं. माझ्यावरची कारवाई चालू आहे, पण माणूस दुसरा नाही, म्हणून तेही तूर्त माझ्याच नावानं आलं. यात दोन तालुके नाहीत, सगळं राज्य दिसतं. नाव टाकायचं, बटण दाबायचं. चंदरचा फोटो कान्हानं चंदरच्याच घरी पोचवला. भिंतीवर पांढरा चौकोन राहिलाय, तिकडं बघवत नाही.

आज आरोग्याकडून यादी आली. गोवराची लस चुकलेली मुलं, पत्त्यावर सापडत नाहीत, शोध घेऊन कळवावे. सतरा नावं. चौथं नाव आरुष.

सोळा मुलं शोधली. सोळाही सापडली, कोणी वीटभट्टीवर, कोणी आजोळी. मग चौथ्या नावाशी आलो. तिला रेशन लागलं असेल, कुठंतरी नाव घातलं असेल, तर एका बटणात गाव कळेल. लगेच नर्सबाई जाईल, पोराला सुई मिळेल. आणि पत्ता परत कागदावर येईल. कागद माझ्या टेबलावरून त्यांच्या टेबलावर, तिथून वाटेत आणखी कोणाच्या हातात. किंवा तिनं कुठंच नाव घातलं नसेल. रेशन नाही, दवाखाना नाही, पुढं शाळा नाही. माझ्यासारखा कोणी भला माणूस तिथल्या खिडकीत बसला असेल या भीतीनं.

नाव टाइप केलं. पूर्ण. कान्हा चहा ठेवून गेला, तो निवला. मग एकेक अक्षर पुसलं.

यादीत चौथ्या नावासमोर लिहिलं, 'आढळून आले नाही.' सही केली. या टेबलावर मी जाणूनबुजून लिहिलेलं हे पहिलं खोटं. गोवराची साथ वाड्यांवर चालू आहे, असं नर्सबाई जाता जाता सांगून गेली. ते पोर कुठं आहे, मला ठाऊक नाही.